तीन मजली फोल्डर

भूगोलसरांना शेवटचा तास नको होता. बास, एवढीच गोष्ट. तोंडानं सांगायला गेलं तर जांभई पुरी व्हायच्या आत सांगून झाली असती. पण ती तोंडानं सांगायची नाही असं सरांनी ठरवलं, आणि त्यापायी तीन कंप्युटर, एक जावई, एक हेडक्लार्क आणि अख्खी आठवी क अशी सगळी फौज कामाला लागली.

आता तुम्ही म्हणाल, शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं हाच माणूस करतो, मग टाकायचा स्वतःचा शेवटचा तास काढून! तिथंच तर मेख होती. वेळापत्रक करणाऱ्या माणसाकडे स्टाफरूम कशी बघते हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. याला सकाळचे ताजे तास, त्याला जेवणानंतरचे पेंगणारे, तिला दोन तासांमध्ये चहापुरतीही फट नाही. जो तो पुठ्ठ्यावरच्या चौकटींवरून बोट फिरवत सरांच्या चौकटी आधी बघणार. म्हणून सरांनी पहिल्यापासून एक जालीम उपाय केला होता. आठवड्यातले झाडून सगळे शेवटचे तास स्वतःच्या नावावर. ज्या तासाला पोरं अंगानं वर्गात आणि जिवानं फाटकाबाहेर असतात, ज्या तासाला नद्यांची खोरी शिकवायची म्हणजे वाहत्या नळाखाली वही लिहायची, ते सगळे तास सरांचे. कोणाची बोलायची टापच नाही! या त्यागाचा सरांना मनातून फार अभिमान होता. तो ते चष्म्याच्या काचा पुसताना चेहऱ्यावर येऊ द्यायचे.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

डॉक्टर म्हणाले, "रोज चालायचं. उजेड असताना. आणि एकटं नाही, कोणाचा तरी हात धरून."

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. त्यामुळे घरात 'कोणाचा तरी' म्हणजे एकच हात उरला, आणि तो शेवटच्या तासाला आठवी क-मध्ये खडू धरून उभा. सर घरी पोचायचे तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असायचे. बायको दाराजवळच्या खुर्चीत बूट घालून बसलेली. ती काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती नुसती खाली वाकायची आणि बुटाचा पट्टा सोडायची. खर्रर. मग दुसरा. खर्रर. तो आवाज सरांना जेवतानाही ऐकू यायचा.

तर शेवटचा तास सोडायचा हे पक्कं झालं. पण कसा? स्टाफरूममध्ये उभं राहून "मला जरा अडचण आहे हो" म्हणायचं? इतकी वर्षं ज्यांच्यासमोर ताठ मानेनं खोडरबर चालवलं त्यांच्यापुढे तोंड वेंगाडायचं? सरांच्या मानेला ते जमणारं नव्हतं. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता सरांना सुचलं. यंदा वेळापत्रक कंप्युटरवर करू. कोणी विचारलंच तर खांदे उडवून म्हणू, "मी काय करणार? कंप्युटरनं दिलंय." कंप्युटरच्या तोंडाला कोण लागतंय?

बेत झकास होता. म्हणजे मोठ्या बाईंच्या कानावर जाईपर्यंत होता.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना कोणतीही गोष्ट सांगितली की ती मोठीच होते. "कंप्युटरवर? उत्तम!" त्या म्हणाल्या. "मग असं करा सर, ते मला माझ्या टेबलावरून दिसलं पाहिजे. खाली ऑफिसमध्ये दिसलं पाहिजे. वर लॅबमध्ये दिसलं पाहिजे. फाईल एक, बघणारे सगळे. पेन ड्राइव्ह घेऊन हिंडणं बंद. सोमवारपासून शाळा त्यावर चालणार."

"होऊन जाईल बाई," सर म्हणाले. हे दोन शब्द माणूस इतक्या सहज बोलतो!

आता भानगड अशी की शाळेत कंप्युटर होते तीन जातकुळींचे. तळमजल्यावर ऑफिसात हेडक्लार्कचा, तो खिडक्यांवाला, जसा बहुतेकांच्या घरी असतो. पहिल्या मजल्यावर मोठ्या बाईंचा लॅपटॉप, तो सफरचंदवाला, त्यांच्या मुलानं भेट दिलेला. त्यावर त्या चहाचा कप ठेवत असत. आणि दुसऱ्या मजल्यावर लॅबमध्ये कोणीतरी देऊन टाकलेले जुने डबे, त्यांच्यात फुकटातली पेंग्विनवाली सिस्टीम. तिघं एकाच वायरीला लटकलेले, पण एकमेकांना ओळख म्हणून दाखवत नव्हते. लग्नात दोन्हीकडचे नातेवाईक शेजारी शेजारी बसतात आणि समोर बघत राहतात ना, अगदी तसे. आणि शाळेला लिफ्ट नव्हती. हे सरांना तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

सर आधी ऑफिसात गेले. हेडक्लार्कला सगळी शाळा 'शिक्का' म्हणायची, कारण हाताशी आलेल्या कुठल्याही कागदावर तो आधी शिक्का मारायचा आणि मग वाचायचा.

"एक फोल्डर तुमच्या कंप्युटरवर ठेवायचा, सगळ्यांना उघडता येईल असा," सर म्हणाले.

"म्हणजे माझ्या मशिनमध्ये बाहेरची माणसं येणार?"

"माणसं नाही हो. नुसता फोल्डर दिसणार."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"मग माणसंच की!" शिक्क्यानं चष्मा कपाळावर चढवला. "अर्ज द्या. विषय स्पष्ट लिहा."

सरांनी अर्ज लिहिला. विषय, फोल्डर शेअर करणेबाबत. शिक्क्यानं शिक्का मारला, मग वाचला, मग परत दिला. "शाळेला शेअरबिअर घेता येत नाहीत. घटनेतच नाही."

"अहो, ते शेअर नव्हे! सामायिक, सामायिक फोल्डर!"

"मग तसं लिहा."

सरांनी तसं लिहिलं. शिक्का, वाचन, परत. "सामायिक म्हटलं की इमारत समितीकडे जातं. मागच्या भिंतीचं प्रकरण अजून तिथंच पडलंय."

सरांनी अर्ज खिशात घातला आणि जिना चढले.

आता राहिला जावई. जावई कंप्युटरच्याच कंपनीत होता. पण सासरा आणि जावई हे नातं तांत्रिक मदतीसाठी बनलेलंच नाही. सासऱ्याला "कळलं नाही" म्हणता येत नाही आणि जावयाला "अहो, किती वेळा सांगू" म्हणता येत नाही. दोघंही आपापल्या टोकाला दात आवळून गोड बोलत राहतात.

"बाबा, स्क्रीनवर काय दिसतंय तुम्हाला?"

"जावईबापू, मी दिसतोय."

"म्हणजे?"

"स्क्रीन काळी आहे. माझंच तोंड दिसतंय."

"अच्छा. छान. मग आपण आधी ते चालू करूया का?"

त्यातला तो 'आपण' सरांच्या जिव्हारी लागला. पण जावई. गोड हसले आणि बटण दाबलं.

लॅबमधल्या डब्यानं खालच्या मजल्यावरचा कंप्युटर शोधायला घेतला. शोध शोध शोधला आणि म्हणाला, इथं कोणीच नाही. सर जिना उतरून ऑफिसात आले, तर शिक्का कंप्युटरसमोर बसून जेवत होता. कंप्युटर होता, चालू होता, माणूसही होता. पुन्हा वर. जावई म्हणाला, "बाबा, खालच्या मशिनचं नाव काय आहे ते जरा बघता का?" पुन्हा खाली. नाव बघितलं. वर येईपर्यंत दमात विसरले. पुन्हा खाली, या वेळी हातावर लिहून. नाव घातल्यावर वरच्याला खालचा दिसला, पण वरचा म्हणाला, परवानगी नाही. खालचा शिक्क्याच्याच वळणाचा निघाला होता.

मोठ्या बाईंकडे आणखी निराळीच तऱ्हा. त्यांच्या लॅपटॉपवर लॅबच्या डब्याचं चित्र उमटलं, पण टिचकी मारली की तो नाव आणि पासवर्ड मागायचा. बाईंनी आपलं पूर्ण नाव घातलं. नाही म्हणाला. मग नावापुढे पदव्या घातल्या. नाही म्हणाला.

"सर, मी मुख्याध्यापिका आहे हे त्याला कळत नाही का?"

"सांगून ठेवतो बाई," सर म्हणाले, आणि खरोखरच जिना चढून वर गेले. इतकं अंगवळणी पडलं होतं.

स्टाफरूम तोवर जागी झाली होती. दुसऱ्याचं काम अडलेलं दिसलं की स्टाफरूमला जी तरतरी येते ती चहानंही येत नाही. शिट्टीसर, म्हणजे पीटीचे, यांनी गळ्यातली शिट्टी कुरवाळत सांगितलं, "सर, सगळं एकदा बंद करायचं. आणि चालू करायचं. माणसालासुद्धा हेच औषध आहे." गणितबाई म्हणाल्या, "मी तर म्हणते पुठ्ठाच बरा होता," आणि हे त्या रोज म्हणाल्या. गाण्याच्या बाईंनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, "तिघंही एकदम गायला लागलेत हो. एकाला आधी सा लावू द्या, बाकीचे दोघं मागून येतील."

सरांनी हे हसण्यावारी नेलं. संध्याकाळी जावयानं फोनवर शेवटी हेच सांगितलं, फक्त अवघड शब्दांत. फोल्डर वरच्या लॅबमधल्या डब्यात ठेवायचा, आणि बाकीच्या दोघांनी तिथं यायचं. सरांना गाण्याच्या बाईंचा राग आला. पण राग करायला काही कारण सापडेना, म्हणून तो तसाच राहिला.

त्या आठवड्यात सर किती वेळा चढले आणि किती वेळा उतरले ते जिन्यालाच माहीत. वर एक खूण बदलायची, मधल्या मजल्यावर बाईंच्या लॅपटॉपवर बघायचं, खाली शिक्क्याच्या मशिनवर बघायचं, जावयाला कळवायचं, परत वर. पोरांना वाटलं सरांनी व्यायाम सुरू केलाय. शिट्टीसरांनी तर एकदा कौतुकानं शिट्टीही वाजवली. घरी पोचायला उलट आणखी उशीर होऊ लागला. शेवटचा तास संपल्यावर सर पुन्हा लॅबमध्ये जायचे ना! दारात बायको. खर्रर. खर्रर. "जरासंच राहिलंय आता," सर म्हणायचे. बायको मान हलवायची. तिला वाटत होतं शाळेत काहीतरी फार मोठं चाललंय.

शेवटी जावईही माणूसच. शुक्रवारी त्याचा बांध फुटला. अर्थात जावयाचा बांध फुटतो तो सुद्धा अदबीनंच. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही खूप कष्ट घेतलेत. आता एक करूया. परवानगीची जी जागा आहे ना, तिथं कोणाचंही नाव घालू नका. सगळे. सगळ्यांना सगळं. वाचायला, लिहायला, पुसायला. विषय संपला."

सरांनी 'सगळे' केलं. आणि चमत्कार झाला! बाईंच्या लॅपटॉपनं नाव न विचारता दार उघडलं. शिक्क्याच्या मशिननं अर्ज न मागता दार उघडलं. बाईंनी कप उचलून लॅपटॉपवर वेळापत्रक बघितलं आणि म्हणाल्या, "वा!" सरांची छाती भरून आली. त्यांनी मोठ्या कसोशीनं बनवलेल्या त्या वेळापत्रकात शेवटच्या तासाखाली भूगोल कुठंही नव्हता. शेवटचा तास सगळ्यांमध्ये थोडा थोडा वाटून टाकला होता, आमटीतल्या मिठासारखा, कोणाच्या जिभेला लागू नये म्हणून. "कंप्युटरनंच असं दिलंय," सर न विचारताच म्हणाले. बाईंनी फक्त "हं" केलं.

सर त्या संध्याकाळी हवेतून घरी गेले. "सोमवारपासून आपण चालायला जायचं," त्यांनी बायकोला सांगितलं.

"बघू," बायको म्हणाली. बायकोच्या 'बघू'ला फार मोठा अनुभव असतो.

'सगळे' म्हणजे नक्की कोण हे सरांनी विचारलंच नव्हतं. शाळेच्या वायफायवर जो जो होता तो तो सगळ्यांत मोडत होता. शनिवारी अर्धी शाळा. गणितबाईंनी सहज लॅबमध्ये बसून फोल्डर उघडला. उघडला. चौकटीवर टिचकी मारली. चौकट हलली! त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आपल्या वाट्याला नव्यानं आलेला शेवटचा तास हळूच उचलला आणि ठेवायचा कुठं म्हणून शोधू लागल्या. आता शाळेत शेवटचे तास पूर्वापार कोणाचे? भूगोलसरांचे. दिला ठेवून. माणूस कधी कुरकुर करत नाही.

हेच गाण्याच्या बाईंना सुचलं. विज्ञानवाल्यांना, चित्रकलेच्या सरांना, सगळ्यांना सुचलं, प्रत्येकाला वाटलं हे आपल्या एकट्यालाच सुचलंय. दुपारपर्यंत भूगोल पुन्हा तळाच्या ओळीत साठला, टाकीच्या बुडाशी गाळ बसावा तसा.

आणि मग फाईल अडली. ती उघडली की पाटी यायची, ही फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे, फक्त वाचता येईल. कोणीतरी ती उघडून तशीच सोडून गेलं होतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. रुमाल कोणाचा, पत्ता नाही. मग बाकीच्यांनी आपापल्या प्रती काढून तिथंच ठेवायला सुरुवात केली. 'वेळापत्रक अंतिम'. 'वेळापत्रक अंतिम सुधारित'. 'वेळापत्रक खरंच अंतिम'. 'हेच लावणे'. 'हेच लावणे, ते नको'.

सरांच्या लक्षात हे आलं तेव्हा ते लॅबमध्ये गेले आणि एकेका फाईलवर टिचकी मारून मालक कोण ते बघू लागले. 'सगळे' म्हणून आत शिरलेल्यांना पेंग्विनवाली सिस्टीम एकच नाव देते. प्रत्येक फाईलपुढे तेच लिहिलेलं. मालक, कोणीही नाही. सरांना ते अगदी पटलं. स्टाफरूममध्ये आजवर जे जे झालं ते ह्याच गृहस्थानं केलेलं होतं.

रविवारी सरांनी ते सगळं पुसून आपलं मूळ वेळापत्रक परत ठेवायचं ठरवलं. पण रविवारी शाळा बंद, आणि किल्ली शिक्क्याकडे, आणि शिक्क्याकडून किल्ली घ्यायची तर अर्ज.

सोमवार उजाडला.

शिक्क्याचा 'सगळे' या प्रकारावर भरवसा नव्हता. त्यानं शुक्रवारीच फाईलची प्रत आपल्या मशिनवर काढून, छापून, शिक्का मारून खालच्या व्हरांड्यात लावली होती. मोठ्या बाईंनी शनिवारी सकाळी लॅपटॉपवर फाईल उघडली आणि वर चहाचा कप ठेवायचा म्हणून झाकण लावलं होतं. सोमवारी झाकण उघडलं तर शनिवार सकाळ जशीच्या तशी आत बसलेली. बाईंनी तीच छापून आपल्या दाराशी लावली. आणि दुसऱ्या मजल्यावर लॅबमधून जे छापून भिंतीवर लागलं ते होतं 'हेच लावणे, ते नको'. एकच शाळा, तीन मजले, तीन वेळापत्रकं. जो ज्या जिन्यापाशी थांबला तो त्या मजल्याप्रमाणे वागला.

पहिल्या तासाला आठवी क-मध्ये सर शिरले तर फळ्यापाशी गणितबाई.

"सर, माझा तास आहे."

"बाई, कंप्युटरनं मला दिलाय."

"मलाही त्यानंच दिलाय."

तेवढ्यात पेटी उचलून गाण्याच्या बाई आल्या. त्यांनी दोघांकडे बघितलं, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी मागे बसते. तुमचं झालं की सांगा." आठवी क-ला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, तिघं मिळून शिकवणार का?" आणि वर्ग बाकं बडवायला लागला. त्याच वेळी पाचवी अ-मध्ये शिक्षकच नव्हते. ती पोरं मात्र शहाण्यासारखी डोकी खाली घालून बसली होती, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. शिट्टीसरांना पहिल्याच तासाला ग्राउंडवर तीन वर्ग मिळाले आणि त्यानंतर मधल्या सुट्टीपर्यंत एकही नाही.

मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीतच सगळ्यांना बोलावलं. "हे कोणी केलं?"

"कंप्युटर म्हणतोय, कोणीही नाही," सर थकून म्हणाले, आणि स्टाफरूमनं एकमुखानं माना डोलावल्या. इतक्या वर्षांत स्टाफरूम आणि सर यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"आणि ती फाईल कोण अडवून बसलं होतं?"

मग शिट्टीसरांनी घसा साफ केला. एवढा ग्राउंडभर ओरडणारा माणूस, पण आवाज निघाला मांजराच्या पिलासारखा. "मी."

"तुम्ही? कशासाठी?"

"शेवटचे तास मला मिळतायत का ते बघत होतो, बाई." शिट्टीसरांचे कान लाल झाले. "शेवटच्या तासाला पोरं ग्राउंडवर आली ना, तर दप्तर तिथूनच उचलून घरी जातात. परत वर्गात हाकलावी लागत नाहीत. मला कधीपासून हवेत ते. पण सगळे शेवटचे तास सरांचे. सरांना ते आवडतात म्हणून मी कधी मागितले नाहीत. शनिवारी उघडून बघितलं तर चौकटी हलत होत्या. पण हात होईना. आणि बंद केलं असतं तर दुसऱ्या कोणी घेतले असते. म्हणून तसंच ठेवलं."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. गणितबाई सरांकडे बघत राहिल्या.

"सर," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या हळू बोलल्या की सगळ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. "तुम्हाला नक्की काय हवं होतं?"

सरांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. या वेळी चेहऱ्यावर काहीच आणता आलं नाही. "मला शेवटचा तास नको होता," ते म्हणाले. "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उजेडात चालवायला सांगितलंय. मी जाईपर्यंत अंधार पडतो. ती बूट घालून बसलेली असते."

सांगून झालं. जांभईएवढाही वेळ लागला नाही. सरांना वाटलं होतं छत कोसळेल. छत होतं तिथंच होतं.

"अगंबाई!" गाण्याच्या बाई म्हणाल्या. "एवढंच? अहो सर, सांगायचं ना!"

"आम्हाला वाटलं तुम्हाला शेवटचाच तास लागतो," गणितबाई म्हणाल्या. "काही काही माणसांना असतं तसं."

"म्हणजे मी आजपासूनच घेऊ का?" शिट्टीसर जागेवरून उठलेच होते.

मोठ्या बाईंनी कपाटामागून जुना पुठ्ठा काढायला लावला. गणितबाईंनी खोडरबर दिलं. खालच्या ओळीतला भूगोल सरांनी स्वतःच्या हातानं खोडला, शिट्टीसरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि मधली सुट्टी संपायच्या आत पुठ्ठा भिंतीवर गेला. खालून शिक्का आला, त्यानं न वाचता शिक्का मारला.

"आणि बाई, तो फोल्डर?" सरांनी विचारलं. आठवड्याचा घाम होता तो.

"असू दे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना दिसतोय ना? मग असू दे."

जावयाला सरांनी फोन केला. "जावईबापू, सगळं झालं बरं का."

"चाललं ना बाबा? मी म्हटलंच होतं." जावयाचा आवाज इतका सुटकेचा होता की सरांना त्याला बाकीचं सांगवलं नाही.

त्या दिवशी सर घरी पोचले तेव्हा समोरच्या गच्च्यांवर अजून ऊन होतं. बायकोनं दार उघडलं आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. "काय हो, बरं नाही का? का काढून टाकलं?"

"शेवटचा तास सोडवून घेतला."

"कसा काय?"

"मागितला."

बायकोनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस पत्ता चुकून आलाय. "तुम्ही? मागितला?"

"चल, चल. बोलत काय बसतेस."

दोघं खाली उतरले. रस्ता बागेपर्यंत सरळ जात होता. बायको सुरुवातीला जपून टाकत होती पाऊल, मग जरा मोकळी झाली, मग चांगलीच चालायला लागली. घरातल्या घरात ती रोज भिंत धरून फेऱ्या घालत होती, हे तिनं सरांना सांगितलं नव्हतं. सांगायला सर घरात होते कुठे? थोडं पुढे गेल्यावर तिला शेजार रिकामा वाटला. तिनं वळून बघितलं. सर मागे, एका फाटकाचा कठडा धरून उभे.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. तू हो पुढं."

"काही नाही कसं? पाय दाखवा."

"पायाला काय झालंय? जरा गुडघा..." सरांनी पाय उचलायचा प्रयत्न केला आणि चेहरा वाकडा केला. "आठवडाभर जिने फार झाले."

"कसले जिने?"

"सांगतो. मोठी गोष्ट आहे."

बायको परत आली. तिनं आपला हात पुढे केला. सरांनी आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं, कोणी ओळखीचं आहे का. समोरच्या गॅलरीतून एक काकू सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या.

"धरा," बायको म्हणाली.

सरांनी धरला.

"सावकाश गं," ते म्हणाले.

"सावकाशच चाललेय. आहे अजून उजेड."